कॅनडात नवीन आलेल्या मुलांसाठी शाळेतली 'स्विस' सर्व्हिस: आमचा वर्षभराचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आता लेकाची नववी संपली, रिपोर्ट कार्ड हातात आलं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत आपल्याकडच्या फॅमिली यायला लागतील, त्यांना उपयोग होईल म्हणून आज बसलेच लिहायला.

स्विस म्हणजे सेटलमेंट वर्कर्स इन स्कूल्स. ऑन्टॅरिओमध्ये नव्यानं आलेल्या मुलांना आणि आईवडलांना शाळेत रुळायला मदत करतात, एक पैसा घेत नाहीत. खर्च फेडरल सरकारचा, वर्कर सेटलमेंट संस्थेचे, पण बसतात मुलांच्या शाळेतच. ट्यूशन नाही हे आधीच सांगते, अभ्यास घेत नाहीत. शाळा कशी चालते, कोणाला काय विचारायचं, कुठला कागद कुठे द्यायचा आणि मूल गप्प गप्प झालं तर कोणाशी बोलायचं, ही ती मदत.

आमचे हे तीन वर्षं आधी आले होते, पीआर (परमनंट रेसिडेन्सी, इथं कायमचं राहायची परवानगी) झाल्यावर २०२४ च्या जुलैत मी आणि मुलगा आलो. मुलगा कराडला मराठी मीडियमला, नुकताच सातवी पास झालेला, जन्म नोव्हेंबर २०१० चा. आपल्याकडे तो आठवीत जाणार होता, पण इथं इयत्ता जन्मसालावरून ठरते, २०१० सालची सगळी मुलं सप्टेंबर २०२४ मध्ये नववीला, म्हणजे थेट हायस्कूल. आठवी मधल्यामधे गायब! मी दोनदा विचारलं की एक वर्ष मागं बसवता येईल का, तर नाही म्हणाले, वयाच्या मुलांबरोबरच ठेवतात. तेव्हा मला रात्र रात्र झोप यायची नाही.

शाळेत नाव घालायच्या आधी स्कूल बोर्डाच्या, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, न्यूकमर सेंटरला असेसमेंट होते, इंग्रजी वाचणं, लिहिणं, बोलणं, आणि गणित. इंग्रजीत त्याला फार काही लिहिता आलं नाही, चार ओळी लिहून पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागला. मग त्या टीचरनी कोरा कागद दिला आणि म्हणाल्या आता तुझ्या भाषेत लिही, काहीही लिही. पोरानं प्रीतिसंगमावर दीड पान लिहिलं, कृष्णा-कोयना, घाट, आजोबांबरोबर संध्याकाळचं फिरायला जाणं, मान वर न करता एका दमात. त्यांना मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो न थांबता लिहितोय, वाक्यं लांब आहेत, खाडाखोड कमी आहे हे त्या बघत होत्या, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की मुलाचं स्वतःच्या भाषेतलं लिहिणं-वाचणं पक्कं आहे. हे फार महत्त्वाचं असतं बरं का, कारण ज्यांची शाळाच मधे सुटलेली असते त्यांच्यासाठी ईएलडी नावाचा वेगळा प्रोग्राम आहे, आणि ज्यांना फक्त इंग्रजी नवीन आहे त्यांच्यासाठी ईएसएल. आमचा ईएसएलमध्ये गेला. त्यात ए ते ई अशा पाच पायऱ्या, त्याला बी सांगितली.

स्विसशी गाठ पडली ती ऑगस्टच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या आधी नाऊ म्हणून प्रोग्राम असतो, न्यूकमर ओरिएंटेशन वीक, हायस्कूलच्या नवीन मुलांसाठी. हा अजिबात चुकवू नका. दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतः नवीन आलेली मोठी मुलं तिथं पीअर लीडर असतात, ती शाळा फिरवून दाखवतात. आमच्या पोराला एका पंजाबी मुलानं लॉकरचं कुलूप शिकवलं. इथं किल्ली नसते, चकती फिरवायची, उजवीकडे तीन फेरे मारून पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर, मग परत उजवीकडे तिसऱ्यावर. जरा पुढं गेलं की पहिल्यापासून. त्या मुलानं शांतपणे दहा-बारा वेळा करून घेतलं. घरी येऊन यानं व्हिडिओ कॉलवर आजीला उघडून दाखवलं. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर लॉकर उघडला नाही तर काय वाटलं असतं त्या पोराला, हे आपल्या मोठ्यांच्या लक्षातही येत नाही.

तिथंच शाळेच्या स्विस वर्कर भेटल्या, वडोदऱ्याच्या आहेत, हिंदीत बोलायच्या, मी त्यांना बेन म्हणते. त्यांनी नंबर दिला, म्हणाल्या काहीही लागलं तर फोन करा. मी केला नाही, आणि ही माझी चूक झाली.

झालं असं की शाळेनं जे टाइमटेबल दिलं त्यात ईएसएल नव्हतंच. शाळेचं नाव लिहीत नाही, पण असेसमेंटचा रिपोर्ट कुठंतरी अडकला आणि त्याला सरळ रेग्युलर इंग्लिश आणि जॉग्रफीत टाकलं. रोज चार तास, प्रत्येक तास सव्वा तासाचा, आणि त्याला अर्धं कळायचं नाही. तीन आठवडे पोरगं रोज सकाळी म्हणायचं पोट दुखतंय. डबा तसाच परत. मला वाटायचं आपण बोललो तर तक्रार होईल, शाळा मुलावर राग धरेल, नवीन आहोत तर सोसलं पाहिजे. शेवटी एक दिवस तो बाथरूममध्ये रडताना दिसला तेव्हा बेनना फोन लावला.

दोन दिवसांत मीटिंग. गायडन्स काउन्सिलर (मुलांना कोर्स निवडायला मदत करणारे), ईएसएलच्या टीचर, बेन आणि मी. बेननी सेंटरचा रिपोर्ट मागवून घेतलेला होता, तो टेबलवर ठेवला आणि अगदी सरळ भाषेत विचारलं की यात बी लिहिलंय मग मुलगा रेग्युलरमध्ये कसा. कुणी आवाज चढवला नाही, कुणी रागावलं नाही, त्याच आठवड्यात कोर्स बदलला. मला एक भीती होती की ईएसएल म्हणजे वर्ष वाया, पुढं कॉलेजला अडेल, ती पण तिथंच गेली. डिप्लोमाला, म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या सर्टिफिकेटला, ३० क्रेडिट लागतात (साधारण एक कोर्स पास म्हणजे एक क्रेडिट), त्यात इंग्लिशची ४ सक्तीची, आणि त्या ४ पैकी ३ पर्यंत ईएसएलची चालतात, फक्त चौथं बारावीचं रेग्युलर इंग्लिश करावं लागतं. दहावीत लिटरसी टेस्ट (इंग्रजी वाचण्या-लिहिण्याची परीक्षा) असते, तिला पण या मुलांना जादा वेळ मिळू शकतो, तयारी नसेल तर पुढं ढकलता येते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

गणिताची गोष्ट वेगळी. गणितात पोरगा हुशार आहे, पण पहिल्या टेस्टला नापास होता होता वाचला. बेननी ईएसएल टीचरना सांगून त्याच्या वहीत तीन रकाने करून घेतले, इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि एक छोटं उदाहरण. कोएफिशियंट समोर सहगुणक, व्हेरिएबल समोर चल, अल्जेब्राइक एक्स्प्रेशन समोर बैजिक राशी. तो म्हणाला आई हे तर मला येतंय, सातवीतच झालंय! नुसती नावं माहीत नव्हती. अजून एक, इथल्या नववीच्या गणितात व्याज, कर्ज, बजेट असतं, त्यात यानं दीड लाख लिहिताना सवयीनं १,५०,००० असा स्वल्पविराम दिला, टीचरना वाटलं आकडाच चुकलाय. इथं १५०,००० लिहितात. ते त्यानं टीचरना फळ्यावर लाख-कोटी मांडून समजावलं, आणि मला वाटतं वर्गात तो पहिल्यांदा मोकळा बोलला तो त्या दिवशी.

लसीचं पण सांगून ठेवते. इथं शाळेत लसीकरणाची नोंद द्यावी लागते, नाही दिली तर पब्लिक हेल्थकडून नोटीस येते आणि मुलाला सस्पेंडसुद्धा करू शकतात. आपल्या कार्डावरच्या बऱ्याच लसी चालतात, पण मेनिंजायटिसची आपल्या सरकारी यादीत नसते आणि इथं लागते. बेननी कार्डावरच्या तारखा ऑनलाइन भरायला शिकवलं आणि राहिलेली लस कुठं घ्यायची ते सांगितलं. अर्ध्या तासाचं काम, पण एकटीनं मला पंधरा दिवस लागले असते.

एक स्टार का कापला? एक म्हणजे आमच्या शाळेत बेन आठवड्यातून दोनच दिवस, बाकी दिवस दुसऱ्या शाळा, एवढ्या मुलांना एक बाई कशी पुरणार. दुसरं म्हणजे ही मदत मुख्यतः पीआर आणि रेफ्युजी लोकांसाठी आहे. स्टडी परमिट, वर्क परमिटवर आलेल्यांची मुलं त्याच वर्गात बसतात, त्यांचं पण पोट दुखतंच की, पण फेडरलच्या नियमात ती बसत नाहीत. माझ्या शेजारणीला याच कारणानं नाही म्हणून सांगितलं, मला फार वाईट वाटलं. तरी अशांनी शाळेच्या ईएसएल टीचरना आणि गायडन्सला थेट भेटा, ईएसएलला तुमचं मूल बसतंच, त्याला पीआरची अट नाही. आणि तिसरं, शाळेच्या ऑफिसमधून स्वतःहून कुणी सांगत नाही, तुम्हीच पहिल्या दिवशी विचारा, आमच्या शाळेचे स्विस वर्कर कोण.

घरी इंग्रजीच बोला असं आपले बरेच लोक सांगतात, मी पण दोन महिने तोडकं मोडकं बोलत होते त्याच्याशी. बेन आणि ईएसएल टीचर दोघीही म्हणाल्या, नका, घरात मराठीच राहू द्या, जे मराठीत पक्कं समजलंय तेच तो इंग्रजीत उचलतोय. घरातलं बोलणं परत सुरू झालं, तेव्हा कुठं शाळेत काय होतं ते तो सांगायला लागला.

डिप्लोमासाठी ४० तास समाजसेवा लागते, मंडळाच्या गणपतीतलं काम त्यात धरतील का ते आधी गायडन्सला विचारून मगच करा.

येताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीचं कार्ड, सगळं ओरिजिनल हँडबॅगेत ठेवा, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून आणा. आणि बालभारतीची गणित-विज्ञानाची पुस्तकं जरूर आणा, वजन होतं म्हणून मी कराडलाच ठेवून आले होते. नाहीच आणली तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. आम्ही आठवीचं गणित तिथूनच उतरवलं, ख्रिसमसच्या सुट्टीत इथले रात्री आठ म्हणजे कराडला सकाळचे साडेसहा, आजोबा चहा घेऊन फोनसमोर बसायचे, आणि जी आठवी झालीच नव्हती तिची बीजगणिताची प्रकरणं दोघांनी सुट्टीत संपवली.