जुन्या मोटरहोमला बसवलेला फ्युएल प्रेशर गेज : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या जुन्या मोटरहोमला इंजेक्शनचं व्ही-८ इंजिन आहे. गार असताना ते पहिल्या सेल्फला सुरू होतं. तापलेलं इंजिन बंद करून लगेच किल्ली फिरवली तरी सुरू व्हायचं. पण वीस-तीस मिनिटं थांबलो की सेल्फ नुसता फिरत राहायचा आणि सुरू झालं तरी मिनिटभर अडखळायचं. ‘पेट्रोलचा पंप गेलाय, बदला’ असा सल्ला बहुतेकांनी दिला. त्याआधी मी फ्युएल रेलवर (इंजेक्टरना, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांना, पेट्रोल पुरवणारी नळी) पेट्रोलचा दाब दाखवणारा गेज कायमचा बसवला. तो निर्णय अगदी योग्य ठरला.

इंजिन चालू असताना प्रेशर व्यवस्थित होतं, त्यामुळे पंप दाब देत नाही असा संशय घ्यायला जागाच नव्हती. खरी गोष्ट कळली ती इंजिन बंद केल्यावर: काटा काही मिनिटांत शून्यावर! पेट्रोलमधले हलके घटक साध्या दाबाला ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. अडीच-तीन बार दाबाखाली मात्र ते बऱ्याच जास्त तापमानापर्यंत द्रव राहतात. इंजिन थांबलं की पाणी फिरणं थांबतं, पंखा थांबतो, आणि झाकणाखाली कोंडलेली उष्णता रेलमध्ये चढते. नेमका तेव्हाच दाब गेलेला असेल तर रेलमध्ये वाफ भरते आणि इंजेक्टर पेट्रोलऐवजी तीच फवारतो. तासाभरात सगळं निवलं की गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागते, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

दाब कुठून गळतोय हे शोधायला पंप बंद असताना रिटर्नची (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी) रबरी नळी गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबली. काटा जागीच थांबला, म्हणजे दोष रेग्युलेटरचा, म्हणजे रेलमधला दाब ठरावीक ठेवून जास्तीचं पेट्रोल रिटर्नमध्ये सोडणाऱ्या भागाचा. सप्लायची नळी दाबून थांबला असता तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं जाऊ न देणारी झडप), आणि दोन्हीकडे दाबूनही उतरत राहिला असता तर बहुधा गळका इंजेक्टर. रिटर्न दाबलेली असताना पंप मात्र अजिबात चालवू नका, दाब धोकादायक वाढतो. जुनी, कडक झालेली नळी दाबूच नका, आधी बदला. इंजेक्शनच्या दाबासाठी असलेली एसएई ३०आर९ दर्जाचीच घ्या. रेग्युलेटरपासून इंजिनच्या हवेच्या मार्गाकडे जाणाऱ्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोलचा ओलावा होता, म्हणजे रेग्युलेटरमधला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटलेला. तेवढा एक रेग्युलेटर बदलला.

त्यानंतर ऐन उन्हाळा आणि मोठे चढ झाले. गरम इंजिन दर वेळी लगेच सुरू होतंय. बंद केल्यावर काटा आधी किंचित वर जातो, मग बराच वेळ टिकून राहतो. हे बघायला मला आजही आवडतं.

गेजबद्दल एक तक्रार आहे. ग्लिसरीन भरलेला, पूर्ण बंद डबीचा गेज तापला की आतला दाब वाढून कमी आकडा दाखवतो. वरच्या बुचाला श्वासाचं छिद्र असलेला घ्या, नाहीतर गरम इंजिनवरचा आकडा तुम्हाला चुकीच्या भागामागे पळवेल. आणि आकडा डॅशबोर्डवर हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर लावा. पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे कधीही आणू नका.

दाब टिकूनही गरम इंजिन सुरू होताना रडत असेल, तर कूलंट टेंपरेचर सेन्सर आणि इग्निशन मॉड्यूल तपासा.