कॉपरबँड की लाँगनोज? रीफ टँकसाठी बटरफ्लायफिश निवडताना

रीफ टँकमध्ये (जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) एप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारा उपद्रवी समुद्री ॲनिमोन, वाढलाय म्हणून बहुतेकजण कॉपरबँडकडे वळतात. तो एप्टेशिया खातो हे खरं, पण प्रत्येक मासा खाईलच असं नाही. पिवळ्या लाँगनोजवर त्या कामासाठी भिस्त ठेवूच नका.

खरा फरक खाण्यात आहे. लाँगनोज सहसा काही दिवसांत फ्रोझन मायसिसवर (कोळंबीसारखे बारीक जीव) येतो. कॉपरबँड अन्नाकडे नुसता बघतो, चोच लावतो आणि सोडून देतो. असे कित्येक मासे उपाशीच मरतात. म्हणून विकत घेण्याआधी तो दुकानात खाताना पाहा. पाठीचा वरचा भाग धारदार दिसत असेल किंवा पोट आत गेलं असेल, तर घेऊ नका. घरी आणल्यावर उघडलेला शिंपला दगडावर ठेवा किंवा जिवंत ब्लॅकवर्म (बारीक काळे किडे) द्या. तो टोचायला लागला की त्यातच मायसिस मिसळा. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, कारण टँकमधले टँग मासे जोरात खात असतील तर याच्या वाट्याला काहीच उरत नाही.

दोघेही साधारण २० सेंमीपर्यंत वाढतात, त्यामुळे ४५० लिटरपेक्षा लहान टँक नको. फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखे नळीतले किडे) दोघांपासूनही सुरक्षित नाहीत. प्रवाळांना सहसा धोका कमी, पण मांसल एलपीएसवर (मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांवर) लक्ष ठेवा.

पहिलीच बटरफ्लायफिश असेल तर लाँगनोज घ्या. कॉपरबँड हवाच असेल, तर आधी चार आठवडे शांत क्वारंटाइन टँकमध्ये (नव्या माशाला वेगळं ठेवायच्या टँकमध्ये) खायला शिकवा.