नद्या-तळ्यांसाठीचा पाणी तपासणी संच: काय कामाचं, काय पेटीतच पडून राहणार

तळं किंवा नदी वाचवायला एकत्र आलेले लोक कचरा काढतात, जलपर्णी उपसतात, गाळासाठी पाठपुरावा करतात. वर्षभराने कुणीतरी विचारतं, पाणी सुधारलं का? तेव्हा हा संच मागवला जातो. तो खरं तर पहिली जलपर्णी उपसण्याआधी हातात हवा. कामाआधीचे आकडे नसतील तर नंतरचे आकडे कशाशीच ताडून पाहता येत नाहीत, आणि ती उणीव पुढे कितीही पैसे खर्चून भरून निघत नाही.

संच निरनिराळ्या नावांनी विकला जातो, आतला ऐवज थोड्याफार फरकाने तोच असतो. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी बुचाच्या काचेच्या बाटल्या आणि रसायनं, सामूच्या (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याच्या) पट्ट्या, नायट्रेट, फॉस्फेट व अमोनियाच्या कुप्या आणि रंगपत्रिका, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) दाखवणारं पेन, थर्मामीटर, पाणी किती पारदर्शक आहे हे मोजायची सेक्की तबकडी, जिवाणूंसाठी एक बाटली, भिंग आणि पाण्यातल्या किड्यांचं चित्रपत्रक. यातली ऑक्सिजनची बाटली, टीडीएस पेन आणि तबकडी या तिघांसाठी संच घ्यावा. अमोनियाची कुपीही उपयोगी आहे. फॉस्फेटची कुपी सांभाळून वापरायची आणि जिवाणूंची बाटली या कामासाठी चुकीची आहे.

ऑक्सिजन

लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये मांडलेली पद्धत आजही या बाटलीत आहे. महागड्या इलेक्ट्रॉनिक मीटरचं वाचन बरोबर आहे का हे पडताळायलाही हीच वापरतात. मात्र हात नीट बसला नाही तर ती सहज फसवते.

बाटली तिरकी धरून कोपरभर खोल बुडवायची आणि आत पाणी बुडबुड न करता शिरू द्यायचं. काचेला चिकटलेले बुडबुडे टिचक्या मारून सोडवायचे, बूच पाण्याखालीच लावायचं. उलटी धरल्यावर एकही बुडबुडा दिसला तर पाणी ओतून पुन्हा भरायचं, कारण पाण्यात ऑक्सिजन नसेल तेव्हा हवेचा लहानसा बुडबुडाही आकडा फुगवतो. मग मँगनीज सल्फेट आणि लगेच अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची, तयार झालेला साका (गाळासारखा थर) अर्ध्यापर्यंत बसू द्यायचा, पुन्हा हलवायचं, पुन्हा बसू द्यायचं. ही दुसरी फेरी सर्वात जास्त टाळली जाते. ती टाळली की सगळा ऑक्सिजन रसायनाला भेटत नाही आणि आकडा कमी येतो.

साका तपकिरी असेल तर ऑक्सिजन आहे. पांढरा राहिला तर नाही. सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली आणि चांगल्या जागेची बाटली शेजारी ठेवली, तर आकड्यांत रस नसलेल्या माणसालाही फरक लगेच दिसतो. बैठकीत अधिकाऱ्यांसमोर ठेवायला यापेक्षा बोलका पुरावा या पेटीत नाही.

आम्ल घातल्यावर साका विरघळून पाणी पिवळसर होतं. इथवरचं काम काठावरच उरकायला हवं. पुढचं टायट्रेशन (मोजून रसायन घालत रंग बदलेपर्यंत करायची तपासणी), बाटली अंधारात ठेवली तर, आठ तासांच्या आत घरी करता येतं. थायोसल्फेट फिकट गवती रंग येईपर्यंत घालायचं, मग स्टार्च, मग निळा रंग जाईपर्यंत एकेक थेंब. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर भरपूर आयोडीन त्यात अडकून बसतं आणि नेमका शेवट हुकतो. रंग पहिल्यांदा गेला तोच शेवट. थोड्या वेळाने निळी झाक परत येते, तिच्यासाठी आणखी थेंब घालायचे नसतात.

स्वस्त संचात एक थेंब म्हणजे एक मिलिग्रॅम प्रति लिटर असा हिशेब असतो. तो फार ढोबळ आहे, ४ आणि ५ यांच्यातला फरक त्यात विश्वासाने सांगता येत नाही, आणि माशांच्या दृष्टीने नेमका तिथलाच फरक महत्त्वाचा. थेंबांऐवजी बारीक खुणांची सिरिंज असलेला संच निवडा. ड्रॉपरचाच असेल तर तो अगदी उभा धरा, तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो. एकाच जागेच्या दोन बाटल्यांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तिसरी भरा.

माहितीपुस्तिकेत सहसा नसलेली आणि सर्वात जास्त गैरसमज टाळणारी गोष्ट म्हणजे वेळ. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हवेतून साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ८.३, ३० अंशांना ७.६. दुपारी हिरव्या तळ्यात १२ आला तर आनंद मानू नका. तो शेवाळाने उन्हात तयार केलेला ऑक्सिजन आहे, आणि तेच शेवाळ रात्रभर श्वसन करून पहाटेपर्यंत तो संपवतं. म्हणून नमुना उजाडतानाच घ्यायचा, निदान दर वेळी ठरलेल्या वेळी तरी. एका महिन्यात सकाळचा आणि पुढच्या महिन्यात दुपारचा आकडा घेऊन काढलेला आलेख काहीच सांगत नाही.

टीडीएस पेन

पेटीतली ही सर्वात साधी वस्तू, आणि चोरून सोडलेलं सांडपाणी शोधायला सर्वात उपयोगी. पेन प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या एखाद्या ठरीव आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. हा गुणक कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे दोन गटांचे टीडीएस आकडे जुळत नाहीत. पेनवर मायक्रोसीमेन्सचा (वाहकतेच्या एककाचा) पर्याय असेल तर तोच ठेवा आणि नोंदवहीतही तेच लिहा. तापमान एका अंशाने वाढलं की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, तेव्हा पेन तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारं हवं. २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स दाखवणारं प्रमाण द्रावण वेगळं मिळतं, त्यात दर महिन्याला पेन तपासावं.

वापरायचं असं: पाऊस नसलेल्या दिवसांत काठाने दर पन्नास पावलांवर पेन बुडवत चालायचं. आकडा बराच वेळ ४०० च्या आसपास राहून अचानक ६५० वर उडी मारतो, तिथे थांबायचं आणि झुडपांमागे, दगडांखाली पाहायचं. न दिसणारा पाइप किंवा झिरपणारी गटारवाहिनी बऱ्याचदा अशीच सापडते. मात्र उडी म्हणजे सांडपाणीच असं नाही, खारवट झऱ्यानेही आकडा चढतो. म्हणून त्या जागी लगेच अमोनियाची कुपी वापरायची. दोन्ही चढले तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट

अमोनियाच्या कुप्या दोन प्रकारच्या येतात. नेसलर रसायनाच्या कुपीत निकाल लगेच मिळतो, पण त्यात पारा असतो. पाणी वाचवायला निघालेल्या गटाने पाऱ्याचं टाकाऊ साठवत बसू नये, सॅलिसिलेट पद्धतीची कुपी घ्यावी. तिच्यात हिरवा रंग पूर्ण चढायला दहा-वीस मिनिटं लागतात. घाईत पाचव्या मिनिटाला पाहिलं तर आकडा निम्मासुद्धा दिसू शकतो, तेव्हा घड्याळ लावूनच पाहा.

कुपी दाखवते तो एकूण अमोनिया. माशांना मारतो तो त्यातला मुक्त भाग, आणि तो सामूवर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी ०.६ टक्के मुक्त असतो, ८ असताना ५ टक्क्यांच्या आसपास आणि ९ असताना सुमारे ३६ टक्के. सकाळी निरुपद्रवी असलेलं तेच पाणी दुपारी, शेवाळाने सामू चढवल्यावर, घातक होऊ शकतं. मासे पहाटे मरत असतील तर आधी ऑक्सिजन तपासा, दुपारनंतर मरत असतील तर अमोनिया आणि सामू. या जोडीसाठी सामूच्या पट्ट्या कमी पडतात, कारण त्या अर्ध्या-एका अंकाच्या पायरीनेच रंग बदलतात. मीटर परवडत असेल तर घ्या. त्याचा काचेचा इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो, साध्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला तर तो लवकर निकामी होतो.

फॉस्फेटच्या कुपीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं: हिरव्यागार तळ्यात ती शून्य दाखवते, आणि लोक तो शून्य खरा मानतात. कुपी फक्त विरघळलेलं फॉस्फेट पाहते. शेवाळाची वाढ जोरात असताना ते सगळं शेवाळाच्या पेशींत गेलेलं असतं. शिवाय एकूण फॉस्फरस लिटरला ०.०३ ते ०.०४ मिलिग्रॅमच्या घरात गेला तरी तळं शेवाळाकडे झुकू लागतं, आणि इतकं कमी प्रमाण रंगपत्रिकेवर डोळ्यांनी ओळखता येत नाही. तळ्यासाठी वर्षातून काही नमुने प्रयोगशाळेत 'एकूण फॉस्फरस' म्हणून तपासून घ्या. कुपी वापरायची ती तळ्याला मिळणाऱ्या नाल्यांवर, तिथे प्रमाण जास्त असतं आणि कोणता नाला किती वाहून आणतो हे कळतं. बाटल्या धुण्याच्या पावडरने कधीच घासू नका. तिच्यात फॉस्फेट असलं तर पुढचे सगळे आकडे बिघडतात.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्हींत एकक वाचून घ्या. 'नायट्रेट-नायट्रोजन' आणि 'नायट्रेट' यांत ४.४३ पटींचा फरक आहे, 'फॉस्फेट-फॉस्फरस' आणि 'फॉस्फेट' यांत ३.०७ पटींचा. दोन संचांचे आकडे एकाच तक्त्यात मिसळून प्रदूषण चौपट वाढल्याची तक्रार करायची, आणि समोरच्याने एकक विचारताच ती कोसळायची, असं होऊ देऊ नका. नायट्रेटसाठी कॅडमियमची कुपी टाळून जस्ताची भुकटी असलेली घ्या.

सेक्की तबकडी

अँजेलो सेक्की या खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्रात वापरलेली ही तबकडी तळ्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची असते. होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, गॉगल काढून सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना परत दिसते ती खोली, यांची सरासरी लिहायची. संचातली दोरी बहुधा नायलॉनची असते आणि ओली झाल्यावर ताणते. ती बदलून न ताणणारी दोरी लावा, आणि खुणा दोरी भिजवूनच करा. वाहत्या नदीत तबकडी तिरकी वाहत जाते, तिथे गढूळपणा मोजायची पारदर्शक नळी लागते. ती बहुतेक संचांत नसते, वेगळी मागवावी लागते.

या साध्या तबकडीची ताकद लेक वॉशिंग्टनने दाखवली आहे. सिएटललगतच्या या सरोवरात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यात ती मीटरभर खोलीआधीच दिसेनाशी व्हायची. सांडपाणी दुसरीकडे वळवायचं काम १९६३ ते १९६८ या काळात झालं आणि काही वर्षांतच पारदर्शकता तीन मीटरच्या पुढे गेली. तळ्यातली शेवाळवाढ अंकात सांगणाऱ्या कार्लसनच्या १९७७ च्या निर्देशांकातही तबकडीची खोली थेट बसते: एक मीटरला ६०, दोन मीटरला ५०, अर्ध्या मीटरला ७०. ५० च्या वरचं तळं अतिपोषित, म्हणजे पोषकद्रव्यं जास्त होऊन शेवाळाकडे झुकलेलं, समजतात.

जिवाणूंची बाटली आणि किड्यांचं पत्रक

हायड्रोजन सल्फाइडची बाटली पाणी भरून दिवसभर उबेत ठेवली की दूषित पाण्यात काळी पडते. पिण्याच्या पाण्यासाठी ही चाचणी चांगली आहे. उघड्या तळ्याचं किंवा नदीचं पाणी मात्र तिच्यात जवळजवळ नेहमीच काळं पडतं, सुधारणेआधीही आणि नंतरही. त्याऐवजी ई. कोलाय मोजता येतील अशा तयार पट्ट्या घ्या. एक मिलिलिटर पाण्यातून आलेली एक वसाहत म्हणजे १०० मिलिलिटरला १००. नमुना बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पट्टीवर घालायचा.

किड्यांच्या पत्रकाला फार कमी लोक हात लावतात, आणि ते वाया जाऊ देऊ नये असं आहे. पाणी एका क्षणाचं असतं, किडे गेल्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतात. दगडांखाली मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या असतील तर ऑक्सिजन टिकून आहे. फक्त लाल रक्तकिडे आणि गांडुळासारखे बारीक किडे उरले असतील तर रात्री ऑक्सिजन संपत असण्याचीच शक्यता जास्त.

घेण्याआधी

प्रत्येक रसायनाच्या बाटलीवर मुदत आणि तुकडी क्रमांक पाहा, आणि रसायनं सुटी मिळतात का ते विक्रेत्याला विचारा. सुटी न देणाऱ्याकडून संच घेऊ नका, कारण काचेच्या बाटल्या वर्षानुवर्षं टिकतात, पण थायोसल्फेट काही महिन्यांत उतरतं आणि स्टार्चला बुरशी येते. उतरलेलं थायोसल्फेट जास्त लागतं आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणजे चूक नेमकी खूश करणाऱ्या दिशेने होते. पोटॅशियम आयोडेटच्या प्रमाण द्रावणाने ते दर महिन्याला तपासा.

हातमोजे आणि चष्मा संचात नसतील तर आधी ते घ्या. वापरलेलं पाणी बूच असलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, वर नाव लिहून साठवायचं आणि प्रयोगशाळेच्या टाकाऊसोबत द्यायचं. अझाइडचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका: तांबं किंवा शिसं असलेल्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साचू शकतात. आणि ते तळ्यात तर कधीच ओतू नका.