पेटीतला ॲम्प्लिफायर की वेगळा? आधी घरची लाईन बघा

पॉवर्ड स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर पेटीतच असतो. दुसऱ्या प्रकारात तो वेगळा, पेट्या वेगळ्या, मधे वायरी. शहरात हा वाद आवाजावर रंगतो. यवतमाळ-वाशीमकडच्या गावात घ्यायचा असेल तर मी आधी घरची लाईन आणि जवळचा मिस्त्री बघायला सांगतो.

गावठाणाचा फिडर (घरांना वीज आणणारी लाईन) वेगळा नसेल तर रब्बीत वावरातले पंप सुरू झाले की व्होल्टेज २३० वरून पार १८० वर येतो. वजनदार ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्प्लिफायरला हे लगेच लागतं. आतला पुरवठा तितकाच उतरतो आणि आवाज वाढवला की ढोलकीची थाप फाटते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो गुणगुणतोही. बऱ्याच पॉवर्ड स्पीकरांत एसएमपीएस (व्होल्टेज खालीवर झाला तरी आतला पुरवठा सारखा ठेवणारा बोर्ड) असतो. मागच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट छापलं असेल तर १८० ची फिकीर नाही. लेबल मात्र स्वतः वाचा, दुकानदाराला विचारू नका. खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज घुसू शकतो. तेव्हा दोघांचीही खैर नाही.

जळाल्यानंतर मात्र वेगळा ॲम्प्लिफायर सरस. त्यातली ५२००-१९४३ नंबरची ट्रान्झिस्टर जोडी तालुक्याच्या दुकानात मिळते, मिस्त्री काविया तापवून बसवून देतो. तोवर भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर मागून आणला तरी पेट्या वाजतात. फक्त घेताना प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की पेट्यांची लाईन तोडणारा स्विच) आहे का ते विचारा. नाहीतर ट्रान्झिस्टर शॉर्ट होताना वूफरची (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरची) कॉईलही जाळून जातो. पॉवर्डच्या बोर्डावर तांदळाच्या कणीएवढे पार्ट. मिस्त्री भिंग लावून बघतो आणि हात जोडतो. कंपनीचा बोर्ड येईपर्यंत स्पीकर मुका.

आवाजाचं म्हणाल, तर चांगल्या पॉवर्डमध्ये वूफरला आणि ट्विटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) आपापला ॲम्प्लिफायर असतो, सगळं कारखान्यातच जुळवलेलं. स्वस्तात तसं नसतं: एका पेटीत ॲम्प्लिफायर, दुसरीला नुसती वायर. दुकानात तुकडोजी महाराजांचं खंजिरीवरचं भजन लावून बघा. चकत्यांची किणकिण आणि चामड्यावरची थाप वेगवेगळी ऐकू आली पाहिजे. पीएमपीओच्या, म्हणजे फुगवून छापलेल्या, हजारो वॅटना भुलू नका. पेटीवरचा डीबी म्हणजे तेवढ्याच वॅटला ती किती मोठ्याने वाजते; ८७ डीबीच्या पेटीऐवजी ९० डीबीची घेतली तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. साध्या खोलीला खरे २०-३० वॅट भरपूर झाले.

टीनाखाली मे महिन्यात दोन्ही तापतात, बंद कपाटात कुठलाच कोंबू नका.

टीव्ही आणि मोबाईल एवढंच लावायचं, गॅरंटी हाताशी आहे, तर पॉवर्ड घ्या. दहा-पंधरा वर्षं वापरायचं आणि मिस्त्री ओळखीचा असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर, पण स्टॅबिलायझरचे पैसे त्याच बजेटात धरा. पोरगं पुढच्या वर्षी नागपूरला शिकायला जाणार असेल तर पॉवर्डच आणा. तसाही तो उचलून नेणारच आहे.