मायटर सॉवर लाकूड सरकू नये म्हणून केलेले उपाय: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मायटर सॉ म्हणजे कोनात काप घेणारी, वरून खाली येणाऱ्या गोल पात्याची करवत. तिच्यावर ४५ अंशांचा काप घेताना लाकूड फेन्सवरून (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या भिंतीवरून) सरकतं, ही तक्रार जवळपास सगळ्यांचीच. त्यावर बहुतेक जण हात आणखी घट्ट दाबतात. दहा इंची मायटर सॉवर फ्रेमच्या पट्ट्या आणि बीडिंग कापताना गेले आठ महिने चार गोष्टी वापरात आहेत: फेन्सला चिकटवलेला पॉलिश पेपर, सॉसोबत आलेला उभा क्लॅम्प, एमडीएफची जोडफेन्स (मूळ फेन्सपुढे लावायची जादा फळी) आणि स्टॉपचा ठोकळा (लाकडाचं टोक टेकवून लांबी पक्की करणारा). यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ठरला तो पेपर. बाकी तिन्ही हव्यातच, पण पेपर नसेल तर ४५ अंशांना त्या कमी पडतात.

सरकण्याचं कारण आधी नीट समजून घ्यायला हवं. पात्याचे खालचे दात लाकडाला मागे, फेन्सकडे ढकलतात. ९० अंशांच्या कापात हा जोर फेन्सवर सरळ बसतो, त्यामुळे लाकूड जागचं हलत नाही. टेबल ४५ अंशांना वळवलं की त्याच जोराचे दोन भाग होतात: एक फेन्सवर दाबणारा, दुसरा फेन्सच्या कडेने सरकवणारा. ४५ला हे दोन्ही सारखे भरतात. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर रंधा मारलेल्या लाकडाची पकड एवढी नसते, मग उरलेला भार तुमच्या पंजावर येतो. साडेबावीस अंशांना सरकवणारा जोर दाबणाऱ्याच्या ०.४१ पटच असतो, म्हणून अष्टकोनी फ्रेम कापताना हा त्रास फारसा जाणवत नाही.

लाकूड फेन्सला टेकून नुसतं आडवं सरकलं तर कोन बिघडत नाही, लांबी बिघडते आणि कापाचा पृष्ठभाग किंचित पायरीदार होतो. फेन्सपासून सुटून फिरलं तर कोनच जातो. चौकोनी फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येकात पाव अंशाची चूक एकाच बाजूला झाली तर शेवटच्या सांध्यात २ अंशांची फट उघडते. नेमकं काय होतंय ते बघायला टेबलावर लाकडाच्या पुढच्या कडेला लागून मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि लाकडावरून टेपवर एकच बारीक पेन्सिलची रेघ ओढा. काप झाला, पातं थांबलं की ठेवायच्या तुकड्याला हात न लावता रेघ बघा. दोन तुकड्यांत मोडलेली दिसली, तर लाकूड तेवढं सरकलेलं आहे.

पेपर १२० किंवा १५० नंबरचा, मागून चिकट असलेला घ्या. प्लग काढा, फेन्स थिनरने पुसून कोरडी करा आणि दोन्ही अर्ध्या भागांवर एकाच शीटमधून कापलेल्या पट्ट्या लावा. एका बाजूला वेगळा पेपर लागला तर जाडीतला फरक थेट कोनात उतरतो. पात्याच्या बाजूने ५-६ मिमी जागा मोकळी सोडा. सॉचं डोकं झुकवून काप घेत असाल तर त्या झुकलेल्या स्थितीत पातं कुठून जातं ते हाताने खाली आणून बघा, मगच पट्टी कापा. शेवटी गुण्या लावून पातं आणि फेन्स ९० अंशांत आहेत का तपासा. पेपराच्या जाडीइतकं लाकूड पुढे येतं, त्यामुळे ४५ अंशांना लेझरची रेघ आणि स्टॉपची जागाही तेवढीच सरकते. जुन्या खुणांवर विसंबलात तर पहिलेच तुकडे चुकतील.

आता त्रासाची बाजू. या पेपरावर लाकूड सरकवत सरकवत खुणेवर आणता येत नाही. उचलून ठेवावं लागतं. पॉलिश झालेल्या मोल्डिंगवर ओरखडे येतात, तिथे २२० नंबर लावावा. दाण्यांत भुसा आणि डिंक भरला की पकड सुटते. रोज ब्रश मारला तरी पात्याजवळची कड साधारण तीन महिन्यांत उचलली जाते. ती उचललेली कड लाकडाला फेन्सपासून दूर ढकलते आणि कोन हळूहळू बिघडत जातो, म्हणून टोक सुटलं की पट्टी लगेच बदला. पेपराऐवजी रबराची मॅट लावू नका. रबर दाबलं जातं आणि प्रत्येक काप वेगळा येतो.

उभा क्लॅम्प लाकूड टेबलावर दाबतो, फेन्सवर नाही. शिवाय स्क्रू आवळताना त्याची गोल टाच फिरते आणि पट्टीही सोबत फिरवते. टाचेखाली प्लायचा छोटा तुकडा ठेवला की हे थांबतं. क्लॅम्प ठेवायच्या तुकड्याच्या बाजूलाच लावायचा. दोन्ही बाजू आवळल्या तर सुटणारा तुकडा पात्याला अडकतो आणि फेकला जातो. स्टॉपचंही तेच: सुटा तुकडा स्टॉप आणि पात्याच्या मधे कोंडला जाता कामा नये.

स्टॉपबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टेबलाच्या मुठीची बाजू उजवीकडे वळवली की पातं लाकडाला डावीकडे ढकलतं. म्हणून ठेवायचा तुकडा आणि स्टॉप डावीकडे असावेत. जोर लाकडाला स्टॉपवरच नेऊन टेकवतो. डावीकडे वळवलं तर उलट. विरुद्ध बाजूचा स्टॉप लाकूड त्याच्यापासून दूर जात असताना काहीच अडवत नाही.

जोडफेन्स १२ मिमी एमडीएफची, फेन्सच्या भोकांतून मागून स्क्रूने कसलेली. पातं तिच्यातून कापत गेलं की मागच्या कडेला लाकडाची कुसळं निघत नाहीत आणि बारीक तुकडे मागच्या फटीत ओढले जात नाहीत. कापायची रुंदी मात्र घटते. ती लावली तर पॉलिश पेपर तिच्यावरच चिकटवा.

पात्याकडेही लक्ष द्या. दहा इंचीला ६० ते ८० दात आणि हुक कोन (दाताचा पुढे-मागे कल) उणे ५ ते अधिक ५ अंश. टेबल सॉचं जास्त हुकचं पातं लाकूड ओढून घेतं, आणि बोथट पात्यापुढे कोणताही पेपर टिकत नाही. पूर्ण वेग आल्यावरच पातं हळू खाली आणा, काप झाल्यावर खालीच ठेवून बटण सोडा, थांबल्यावर वर घ्या. फिरतं पातं वर घेताना नुकता झालेला काप खरवडला जातो.

बाक असलेली पट्टी फुगीर बाजू फेन्सकडे करून ठेवा, पण कापाच्या रेषेवर फट असता कामा नये. लांब पट्टीचं टोक लटकलं तर पात्यापाशी ती उचलली जाते. स्टँड टेबलाच्या उंचीशी जुळवा.

या सगळ्यातून छोट्या तुकड्यांचा प्रश्न मात्र सुटत नाही. हात पात्यापासून १५० मिमीच्या आत जात असेल, तर तो काप हाताने धरून घेऊ नका. लांब पट्टीच्या टोकावरून तुकडा कापा, किंवा क्लॅम्पने धरा. पट्टी फार आखूड उरली असेल, तर नवी घ्या.