स्टेअरिंग बॉक्सच्या नावाखाली २०,५०० रुपयांना टोपी

जुना १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर असेल आणि स्टेअरिंगला प्ले, म्हणजे फिरवताना ढिलेपणा, आला असेल, तर मेस्त्रीकडे जायच्या आधी हे वाचा. स्टेअरिंगचं वळण चाकांकडं नेणाऱ्या दात्यांच्या बॉक्सच्या नावाखाली माझे २०,५०० रुपये गेलेत. आठ हजार फोनवरून, बाकीचे साडेबारा रोख. रोख का दिले म्हणून घरात रोज ऐकतोय, तुम्ही आणखी विचारू नका.

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झालेली, फुटी निघालेल्या, वर ढग आणि खाली ओल. डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, एक दिवस उभा ठेवता येत नाही, हे बागायतदाराला सांगायला नको. स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकं जाग्यावर. नऊ फुटी ओळीत मागं ब्लोअर घेऊन असला ट्रॅक्टर चालवला की एकदा मांडवाच्या लोखंडी अँगलला घासतो, एकदा वेलीच्या आडव्या फांदीला, ओलांड्याला. अशा घाईत माणूस जवळच्या मेस्त्रीकडेच जातो. त्याला ही घाई माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

त्यानं पुढचा भाग जॅकवर घेतला, चाक हातात धरून हलवलं, स्टेअरिंग दोनदा खडखडवलं आणि मान हलवली. "अण्णा, बॉक्स गेला. जुनं मॉडेल, इथं माल मिळत नाही. बाहेरून मागवतो, आठ हजार टाका." खाली आडवं होऊन कोणता सांधा हलतोय हे बघितलंच नाही. चाक हवेत असताना जे हलतं ते किंग पिनचं (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) किंवा बेअरिंगचंही असू शकतं. बॉक्स तपासायचा तर चाकं जमिनीवर हवीत.

मग बॉक्सचे १४,५००, मजुरी २,८००, किंग पिनच्या बुशचे (पिनेभोवतीच्या नळीचे) १,६००, वाहतूक १,२००, तेल-ग्रीस ४००. हे सगळं वहीच्या फाटक्या पानावर. ना दुकानाचं नाव, ना पार्ट नंबर. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वाढेल अण्णा, तुमचंच नुकसान."

आता ज्या गोष्टीनं झोप उडालीय ती सांगतो. ट्रॅक्टर घ्यायला गेलो तेव्हा मी म्हणालो, जुना बॉक्स दे, भंगारात तरी घालीन. तो म्हणाला, "जुना कंपनीला जमा करावा लागतो, एक्स्चेंजमध्ये बसवलाय. पाहिजे तर २,५०० वाढतील." मी म्हणालो, राहू दे. आणि त्याच वेळी 'नव्या' बॉक्सवर हात ठेवला तर बोटाला निळा रंग लागला. ओला रंग! कारखान्यातून पेटीत घालून, लांबून वाहतुकीनं आलेल्या मालाला ओला रंग कसा असेल? ग्रीस निपलच्या तोंडावरसुद्धा रंगाचा थर होता. मी बोट पँटला पुसलं आणि पैसे मोजले. पण त्या वेळी माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. मागं फवारणीचं औषध आणून ठेवलेलं, समोर ट्रॅक्टर चालू, आणि स्टेअरिंग खरंच घट्ट लागत होतं.

ते का घट्ट होतं, ते नंतर कळलं. बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर लॉकनटचा एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. तो आवळला की प्ले कमी होतो. ट्रॅक्टरचं काम बहुतेक सरळ ओळीत, त्यामुळं बॉक्सचे दाते मधोमध जास्त झिजतात. मधला प्ले मारायला स्क्रू जास्त आवळला की वळणावर बॉक्स जाम होतो. बांधावर वळवताना दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, सोडलं तर स्टेअरिंग सरळ यायचंच नाही. फोन केला तर म्हणे नवीन आहे, बसेल हळूहळू. बसलं कसलं, महिन्याच्या आत प्ले परत आला, आणि आता जडपणही सोबतीला.

शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मेस्त्रीनं बॉक्स बघितला. वडिलांच्या काळात झाकणाचा कान मोडला होता, तो पितळेनं जोडून घेतला होता. त्या जागी नखानं रंग खरवडला तर खाली पिवळं पितळ चमकलं. माझाच बॉक्स! डिझेलनं धुऊन, स्क्रू आवळून, रंग मारून मलाच विकला. किंग पिनचे बुश तर उघडलेलेच नव्हते. खरा दोष पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, टाय रॉडच्या, दोन बॉल जॉइंटमध्ये आणि पुढचा ॲक्सल ज्या पिनेवर डुलतो त्या सेंटर पिनच्या बुशमध्ये. जॉइंट ६४० प्रमाणे १,२८०, बुश ४५०, मजुरी ७००. एकूण २,४३०. स्क्रू मागं घेऊन त्यानं बॉक्समध्ये ९० नंबर गिअर तेल भरलं, ते आधी जवळजवळ नव्हतंच. म्हणजे ४०० मधलं तेलही खाल्लं.

एकानं स्टेअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली हात लावून बघायचं, एवढंच काम आहे. स्टेअरिंग फिरतंय आणि ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघणारा दांडा, थांबलाय, तर बॉक्स किंवा त्याची चावी-दाते. आर्म हलतोय पण चाक नाही, तर सांधे. हे घरचं पोरगंही करतं.

आता पोलीस. अर्ज घेऊन गेलो तर हवालदार म्हणतो, "ट्रॅक्टर चालतोय ना? मग फसवणूक कुठली?" पैसे तुम्हीच हातानं दिलेत, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. फसवणुकीच्या ४२० कलमाचं आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं मलाही माहीत आहे, साहेबांनाही असेल. पण साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगला. अर्जावर पोहोच द्या म्हटलं तर शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडं. फोटो दाखवले, खरवडलेलं पितळ दाखवलं, तर विचारतात हा बॉक्स तुमचाच कशावरून! कृषी खात्यात गेलो, ते म्हणाले आमच्याकडं अनुदानाचं बघतात. ज्या डीलरकडून बॉक्स आणला असं मेस्त्री सांगत होता, त्यानं पार्ट नंबर विचारला आणि पाठ फिरवली. गावातल्या पुढाऱ्यांनी तर मलाच समजावलं, गरीब माणूस आहे, मिटवून घ्या. गरीब तो, आणि सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर!

बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला कुठल्याच टेबलावर कुणी सांगितलं नाही, एका वकील पाहुण्यानं सांगितलं.

जुना पार्ट सोडू नका, २,५०० मागितले तरी. काम द्यायच्या आधी बॉक्सवर आतल्या बाजूला पंचनं खूण मारा आणि फोटो काढा. पैसे फोनवरूनच द्या, आठ हजारांची नोंद आहे म्हणून माझ्याकडं निदान काहीतरी आहे.

वकिलाची नोटीस गेलीय. त्यावर मेस्त्रीचा निरोप आला, ३,००० घ्या आणि कागद मागं घ्या. घेणार नाही.