चार आण्यांच्या तिकिटाला जोडलेला कोरा कागद

व्हॉट्सॲपवरच्या लिलावांत हल्ली १८५४ सालची चार आण्यांची तिकिटे वरचेवर दिसू लागली आहेत, तीही चारही बाजूंनी ऐसपैस मार्जिन, म्हणजे छपाईभोवतीची कोरी कड, असलेली. त्यांतले एक मी ३८,००० रुपयांना घेतले आणि माझी फसवणूक झाली. ती ज्या रीतीने झाली ती रीत जुन्या तिकिटांच्या छंदात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक हवी, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तिकिटाबद्दल, कारण सगळी लबाडी त्याच्या घडणीवरच बेतलेली आहे. ऑक्टोबर १८५४ पासून कंपनी सरकारने अंतर न बघता वजनावर टपालाचा दर ठरवला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते मुंबईहून ठाण्याला जावो की कलकत्त्याला. त्यासाठीची तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली शिळाछापाने छापली गेली. अर्धा आणा निळा, एक आणा तांबडा. चार आण्यांचे तिकीट मात्र दुरंगी: तांबडी चौकट एका छापात आणि व्हिक्टोरिया राणीचे निळे मस्तक दुसऱ्या छापात. जगातल्या अगदी सुरुवातीच्या दुरंगी तिकिटांत त्याची गणना होते. काही ताव दुसऱ्या छापाच्या वेळी उलटे पडले आणि राणीचे डोके खाली झाले. त्या उलट्या मस्तकाच्या मोजक्याच प्रती आज जगात आहेत.

या तिकिटांना छिद्रे नव्हती. ताव कात्रीने कापायचा. त्यात चार आण्यांच्या तिकिटाची चौकट अष्टकोनी, त्यामुळे अनेकांनी त्या काळी कोपरे उडवून ते अष्टकोनीच कापले. चौकोनी आणि पुऱ्या मार्जिनचे तिकीट म्हणूनच मौल्यवान. अष्टकोनी कापलेल्याची किंमत स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगात, म्हणजे तिकिटांच्या किमतींच्या प्रसिद्ध सूचीत, वेगळी दिलेली असते आणि ती फार म्हणजे फारच कमी असते. तिकीट तेच, छपाई तीच, फरक काय तो भोवतीच्या कोऱ्या कागदाचा. फसवणाऱ्याला नेमकी हीच फट सापडली आहे.

विक्रेता आमच्या ग्रुपवर बराच काळ होता. नम्र बोलणे, पार्सल वेळेवर, पॅकिंग उत्तम. त्याच्याकडून मी अर्ध्या आण्याची निळी तिकिटे घेतली होती, एक आण्याची तांबडीही घेतली होती. सगळी अस्सल निघाली, भावही वाजवी होता. आता कळते की ती तिकिटे म्हणजे गळाला लावलेले आमिष होते. अर्ध्या आण्याची तिकिटे कोट्यवधींनी छापली गेली, ती अजूनही बऱ्यापैकी मिळतात. तेवढ्यात प्रामाणिक राहणे कुणालाही परवडते. मग एक दिवस निरोप आला, "ताई, तुमच्यासाठी एक वस्तू बाजूला ठेवली आहे, ग्रुपवर टाकत नाहीये." सोबत चार आण्यांच्या तिकिटाचा फोटो आणि तिकिटांचा अस्सलपणा तपासणाऱ्या परदेशातल्या एका तज्ज्ञ समितीच्या प्रमाणपत्राची प्रत.

तिकीट सुटे नव्हते. जुन्या लिफाफ्याच्या तुकड्यावर चिकटवलेले होते आणि टपालाचा काळा शिक्का तिकिटावरून खालच्या तुकड्यावर उतरलेला होता. जाणकारांना असे तिकीट जास्त आवडते, कारण ते खरोखर टपालातून गेल्याची ती खूण असते. पण त्याच तुकड्यामुळे तिकिटाची मागची बाजू दिसत नाही. तुकडा तेवढ्यासाठीच होता.

पुढे प्रदर्शनाच्या निमित्ताने पुण्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहक काकांना मी ते दाखवले. काकांनी दहापट भिंगातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "छपाई अस्सल आहे गं. पण मार्जिनचा कागद मला वेगळा वाटतो." चौकटीच्या बाहेरच्या रेषेला लागून, कोपऱ्यांत, कागदाच्या तंतूंची दिशा बदलत होती. अतिनील दिव्याखाली धरल्यावर फार फरक दिसला नाही, आणि या कारागिरीची हुशारी इथेच आहे. आजचा पांढरा कागद त्या दिव्यात निळसर झगझगतो, कारण त्यात चमक आणणारी रसायने असतात. हा कागद झगझगला नाही, कारण तो खरोखरच जुना होता. त्या काळच्या तिकीट नसलेल्या पत्रांची कोरी पाने कवडीमोलाने मिळतात, त्यांतला कागद कापून वापरलेला असणार. शिक्का मात्र दिव्याने उघडा पाडला. तिकिटावरचा भाग एका छटेचा, मार्जिनवरचा आणि तुकड्यावरचा दुसऱ्याच छटेचा. बाहेरचे ठिपके कुणीतरी नंतर हाताने पुरे केले होते.

शेवटी काकांनी काळ्या बशीत वॉटरमार्क (कागदातली पुसट खूण) तपासायचे द्रव ओतून तिकीट तुकड्यासकट त्यात बुडवले. (पाण्यात कधीही नाही. जुना रंग, जुना डिंक, दोन्ही बिघडू शकतात.) राणीच्या चौकटीभोवती काळीशी अष्टकोनी रेघ हळूहळू उमटली. अष्टकोनी कापलेले, काही हजारांचे तिकीट चौकोनी कागदाच्या खिडकीत बसवून सांधे घासून सपाट केलेले होते.

राहिले प्रमाणपत्र. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या मान्यवर संस्था प्रमाणपत्रावर त्या तिकिटाचा फोटो लावतात, तो शोभेसाठी नसतो. माझ्याकडे आलेल्या प्रतीतला फोटो मी मोठा करून तिकिटाशेजारी ठेवला. शिक्क्याचा तिरकेपणा वेगळा, डावीकडच्या मार्जिनची रुंदी वेगळी, कात्रीने कापलेली कड वेगळीकडे वळलेली. प्रमाणपत्र बहुधा खरेच असेल, पण दुसऱ्या तिकिटाचे. तेव्हा मूळ कागद हातात येईपर्यंत प्रमाणपत्राच्या फोटोला शून्य किंमत द्या. आणि मूळ कागद आला तरी त्यावरचा क्रमांक देऊन संबंधित संस्थेला स्वतः विचारा. विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरून नको.

विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणाला, "ताई, मलाही असंच मिळालं." मग म्हणाला, "जसं आहे तसं या अटीवर दिलं होतं." मग फोन लागेना. ग्रुपवर मी फोटोंसह लिहिले तेव्हा अर्ध्या तासात मजकूर काढून टाकला गेला आणि मलाही काढले गेले. विक्रेत्याने मला जेवढे दुखावले त्याहून जास्त ग्रुप चालवणाऱ्यांच्या या वागण्याने दुखावले. त्यानंतर आणखी तिघांनी खासगीत कळवले की त्यांच्याकडेही त्याच माणसाची चार आण्यांची तिकिटे आहेत. त्यांतले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी ग्रॅच्युइटीतले पैसे घातले होते आणि घरी अजून सांगितलेले नाही.

दुरुस्त केलेले तिकीट विकणे गुन्हा नाही, हे मला मान्य आहे. मार्जिन जोडले आहे असे लिहून, त्या भावात खुशाल विका. लपवून विकणे ही फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती मोडते. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि प्रकार ताजा असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब फोन करा. उशीर झाला की पैसे दुसऱ्या खात्यांतून पुढे निघून जातात. बोलणे व्हॉट्सॲपवर झाले असेल तर ते सगळे आधी जपून ठेवा, नंतर विक्रेता निरोप पुसून टाकतो.

हाच माणूस आता सिंध डाकची तिकिटे देऊ करतो आहे असे ऐकते, म्हणून तेही सांगून ठेवते. नंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले बार्टल फ्रिअर सिंधचे कमिशनर असताना १ जुलै १८५२ रोजी ती निघाली, आशियातली पहिली टपाल तिकिटे. अर्ध्या आण्याची, गोल, कागदावर उठावाची: पांढरे, निळे, आणि लाखेसारखे तांबडे. तांबडे इतके ठिसूळ की टपालातच त्याचे तुकडे पडत, म्हणून आज धड प्रती फार थोड्या उरल्या आहेत. कडेच्या पट्ट्यावर सिंध डिस्ट्रिक्ट डाक अशी अक्षरे आणि मध्ये कंपनीची हृदयाकृती खूण असते. ती छापलेली नसते, दाबून उठवलेली असते. तिरक्या उजेडात धरा: सावली पडली पाहिजे. भिंगाखाली रंगीत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते आजच्या प्रिंटरचे काम आहे, पुढे बोलूच नका. आणि असे तिकीट कुणी काही हजारांत देऊ करत असेल तर त्याला एवढेच सांगा की आधी तज्ज्ञ समितीकडे पाठवू, खर्च माझा, पैसे निकालानंतर. अस्सल वस्तू असलेल्या माणसाची याला हरकत नसते.

माझे तिकीट तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून जपून ठेवले आहे. नंतर त्याच्या तुकड्यामागे पेन्सिलीने "मार्जिन जोडलेले, शिक्का पुरा केलेला" असे लिहिणार आहे, म्हणजे माझ्या पश्चात अल्बम कुणाकडेही गेला तरी ते पुन्हा बाजारात अस्सल म्हणून फिरणार नाही. द्रवात बुडवलेल्या अवस्थेतले आणि दिव्याखालचे फोटो मी काढून ठेवले आहेत. ज्यांनी गेल्या वर्षभरात तुकड्यावरचे चार आणे घेतले असतील त्यांनी मागावेत, लगेच पाठवते.